चांगपिंगचा पराभव कोणाचा?

पुस्तकी पंडितांसाठी चिनी भाषेत एक वाक्प्रचार रूढ आहे. त्याचा अर्थ ‘कागदावर युद्धाच्या गप्पा मारणे’ असा होतो. ज्याने शास्त्र तोंडपाठ केले, वादात सर्वांना निरुत्तर केले, पण प्रत्यक्ष कामाला हात घालताच ज्याची फजिती झाली, अशा माणसाविषयी तो वापरतात. परंपरेने या वाक्प्रचाराला एका तरुण सेनापतीचे नाव चिकटले आहे. तो सेनापती म्हणजे झाओ क्वो. इ.स.पू. २६० मध्ये चांगपिंग येथे त्याच्या हाताखालचे झाओ राज्याचे प्रचंड सैन्य छिन राज्याच्या सैन्यापुढे नष्ट झाले. तेव्हापासून सव्वादोन हजार वर्षे या पराभवाचे खापर त्याच्याच डोक्यावर फुटत आले आहे.

तो निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु इतिहासकार सिमा छिआन याने सुमारे दीडशे वर्षांनंतर रचलेल्या ‘शिजी’ या ग्रंथातील नोंदी क्रमाने लावून वाचल्या, तर एक वेगळेच चित्र उभे राहते. झाओ क्वो रणांगणावर पोहोचला, तेव्हा युद्धाचे बहुतेक मोठे निर्णय आधीच झालेले होते आणि ते राजवाड्यात झालेले होते. ते निर्णय कोणी घेतले, त्या वेळी कोणता सल्ला समोर होता आणि तो का नाकारला गेला, हे पाहिल्याशिवाय चांगपिंगचा निकाल समजत नाही.

दोन राज्ये, दोन राजे

तो काळ ‘युद्धरत राज्यांचा काळ’ म्हणून ओळखला जातो. चीन तेव्हा एकसंध नव्हता. सात मोठी राज्ये एकमेकांशी झुंजत होती. पश्चिमेकडील छिन हे त्यांतील सर्वांत शिस्तबद्ध राज्य होते. शांग यांग या मंत्र्याने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यास केलेल्या सुधारणांमुळे तेथे जन्मापेक्षा रणांगणावरील कामगिरीला मान मिळू लागला होता. शत्रूला मारणाऱ्या साध्या सैनिकालाही पदवी आणि जमीन मिळे. शेती आणि युद्ध ही या राज्याची दोन चाके होती.

छिनला टक्कर देऊ शकेल असे राज्य म्हणजे उत्तरेकडील झाओ. (झाओ हे राज्याचे नाव, तसेच तेथील राजकुळाचेही नाव, म्हणून पुढे हा शब्द अनेकांच्या नावांत येईल.) त्याची राजधानी हानदान आजच्या हपेइ प्रांतात आहे. इ.स.पू. ३०७ मध्ये झाओचा राजा वूलिंग याने उत्तरेकडील भटक्या टोळ्यांचा पोशाख आणि घोड्यावरून बाण मारण्याची पद्धत आपल्या सैन्यात आणली. त्यामुळे झाओचे घोडदळ नावाजले गेले. इ.स.पू. २७० च्या सुमारास झाओ शे या सेनापतीने यूयू येथे छिनचा स्पष्ट पराभवही केला होता. हाच झाओ शे आपल्या झाओ क्वोचा पिता.

चांगपिंगच्या वेळी छिनच्या गादीवर राजा झाओशिआंग होता. तो ४६ वर्षे राज्य करीत होता आणि त्याच्या शेजारी फान सुईसारखा धूर्त महामात्य होता. झाओच्या गादीवरील राजा शिआओचेंग मात्र इ.स.पू. २६५ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांपूर्वी आला होता. अनुभवातील ही तफावत पुढे पदोपदी दिसते.

फुकट मिळालेले सतरा गाव-कोट

युद्धाचे मूळ शांगदांग नावाच्या पठारात आहे. आजच्या शान्शी प्रांताच्या आग्नेयेस असलेला हा उंच प्रदेश ताइहांग पर्वतरांगेला लागून आहे. त्याच्या पूर्वेला पर्वत उतरला की हानदानचे मैदान लागते. साहजिकच शांगदांग ज्याच्या हाती, त्याची सावली हानदानवर पडत असे.

हा प्रदेश तिसऱ्याच राज्याचा, हानचा होता. (पुढे प्रसिद्ध झालेल्या हान राजवंशाशी या राज्याचा संबंध नाही.) इ.स.पू. २६२ मध्ये छिनने हानचे येवांग हे ठाणे घेतले आणि शांगदांगचा स्वतःच्या राजधानीशी असलेला संपर्क तोडला. घाबरलेल्या हानच्या राजाने शांगदांग छिनला देऊन टाकण्याचे ठरवले. पण तेथील सुभेदार फंग तिंग आणि तेथील लोक यांना छिनची सत्ता नको होती. फंग तिंगने झाओच्या राजाकडे दूत धाडला आणि शांगदांगची सतरा नगरे त्याला देऊ केली. यामागे त्याचा हिशेब सरळ होता. झाओने ती स्वीकारली तर छिनचा रोख झाओकडे वळेल, झाओला हानची गरज पडेल आणि दोघे मिळून छिनला अडवू शकतील.

राजा शिआओचेंगने सल्ला मागितला. राजकुळातील ज्येष्ठ झाओ बाओ याने स्पष्ट सांगितले की, कारणावाचून मिळणारा लाभ ही आपत्तीच असते. श्रम छिनने केले आणि फळ झाओने घ्यायचे, हे छिन सहन करणार नाही. शिवाय छिनकडे धान्याची जलमार्गाने वाहतूक करण्याची सोय आहे, त्याचे कायदे कडक आहेत आणि त्याचे सैनिक बक्षिसाच्या जमिनीसाठी जिवावर उदार होतात. त्याच्याशी वैर घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. राजाला हे रुचले नाही. मग त्याने चुलता झाओ शेंग, म्हणजे पिंगयुआनचा सामंत, याला विचारले. झाओ शेंग म्हणाला की, मोठमोठ्या फौजा वर्षभर लढूनही एक नगर हाती लागत नाही. येथे बसल्या जागी सतरा मिळत आहेत. राजाने हा दुसरा सल्ला उचलला.

या निर्णयाला निव्वळ हावरटपणा म्हणून मोडीत काढता येत नाही. शांगदांग छिनच्या हाती गेले असते, तर आज ना उद्या हानदानवर संकट आलेच असते. चूक निराळ्याच ठिकाणी होती. सतरा नगरे घेणे म्हणजे छिनशी मोठे युद्ध स्वीकारणे, हे झाओ बाओने दाखवून दिले होते. त्या युद्धासाठी धान्य किती लागेल, मित्र कोण आणि किती काळ तग धरता येईल, याची तजवीज करून मग होकार देता आला असता. राजाने लाभ स्वीकारला, त्याची किंमत मात्र विचारात घेतली नाही. सिमा छिआननेही झाओ शेंगचे मूल्यमापन करताना लोभाने त्याची बुद्धी झाकोळल्याचे नमूद केले आहे.

लिआन पोचा तट

अपेक्षेप्रमाणे छिनचे सैन्य शांगदांगवर चालून आले. लोक झाओच्या आश्रयाला धावले. त्यांना सावरण्यासाठी आणि छिनला रोखण्यासाठी झाओचा अनुभवी सेनापती लिआन पो चांगपिंग येथे तळ देऊन राहिला. हे ठिकाण आजच्या गावपिंग शहराच्या परिसरात, दान नदीच्या खोऱ्यात आहे.

इ.स.पू. २६० च्या उन्हाळ्यात पहिल्या चकमकी झाओला महाग पडल्या. एक उपसेनापती मारला गेला, काही ठाणी गेली, अधिकारी कैद झाले. लिआन पोने त्यातून धडा घेतला. त्याने मागे येऊन भक्कम तटबंदी उभारली आणि छिनने कितीही डिवचले तरी बाहेर पडायचे नाही, असे ठरवले. छिनचे सैन्य आपल्या मुलखापासून दूर आले होते. काळ जाईल तसा त्याचा खर्च वाढेल, उत्साह ओसरेल, मग संधी मिळेल, हा त्याचा अंदाज होता.

राजाला मात्र हा संयम भ्याडपणा वाटला. त्याने लिआन पोला वारंवार दूषणे दिली. राजाच्या अधीरतेलाही काही आधार होता. एवढे मोठे सैन्य एका जागी पोसायचे म्हणजे ताइहांगच्या घाटांतून अखंड धान्य न्यावे लागते. शेतात राबणारे हात तटावर अडकले होते. प्रतीक्षेची किंमत झाओलाही मोजावी लागत होती आणि ती छिनपेक्षा आधी जाणवू लागली होती. पण या अडचणीवर दोनच उपाय होते. एकतर बाहेरून मदत मिळवणे, किंवा लढाई संपवणे. झाओच्या राजाने पहिला उपाय हातचा घालवला आणि दुसरा चुकीच्या माणसाच्या हाती दिला.

एका दूताने दारे बंद केली

पहिल्या पराभवांनंतर दरबारात तहाची चर्चा सुरू झाली. यू छिंग या मंत्र्याने एक चाणाक्ष सूचना केली. आधी मौल्यवान भेटी देऊन चू आणि वेई या राज्यांकडे दूत पाठवा. ही राज्ये झाओशी हातमिळवणी करीत आहेत, अशी शंका छिनला आली, तरच तहाची बोलणी खरी होतील. राजाने हे ऐकले नाही. त्याने झेंग झू या प्रतिष्ठित व्यक्तीला थेट छिनकडे पाठवले.

फान सुईने या दूताचे थाटात स्वागत केले आणि तो आल्याची वार्ता इतर राज्यांच्या दूतांपर्यंत पोहोचेल अशी काळजी घेतली. पाहणाऱ्यांनी एकच अर्थ काढला: झाओ आणि छिन यांचा तह होणार. मग झाओसाठी आपण छिनचा रोष का ओढवून घ्यायचा? मदत कोणाकडूनच आली नाही. तहही झाला नाही. यू छिंगने नेमके हेच होईल, असे आधी सांगितले होते.

रणांगणावर एकही बाण न सोडता छिनने येथे झाओला एकाकी पाडले होते. या टप्प्यावर झाओ क्वोचा युद्धाशी काहीही संबंध नव्हता.

सेनापती बदलण्याचा निर्णय

यानंतर फान सुईने हजार सुवर्णमुद्रांच्या मोलाचे धन झाओमध्ये पेरले आणि अफवा पसरवल्या. छिनला लिआन पोची धास्ती नाही, तो लवकरच शरण येईल. छिनला भीती आहे ती फक्त झाओ शेच्या मुलाची, अशी कुजबुज हानदानच्या दरबारात पोहोचली. ज्या राजाला लिआन पोचा आधीच राग आला होता, त्याला ही कुजबुज खरी वाटली यात नवल नाही. अफवा यशस्वी होते ती ऐकणाऱ्याच्या मनात तिच्यासाठी आधीच जागा असते म्हणून.

झाओ क्वो लहानपणापासून युद्धशास्त्र शिकला होता. वादात त्याचे वडीलही त्याला हरवू शकत नसत. तरीही झाओ शेने त्याचे कधी कौतुक केले नाही. कारण विचारल्यावर त्याने पत्नीला सांगितले होते की, युद्ध ही मृत्यूची भूमी आहे आणि हा मुलगा तिच्याविषयी फार सहजपणे बोलतो. हा सेनापती झालाच, तर झाओचे सैन्य बुडेल.

नेमणुकीला दोन जणांनी विरोध केला. पहिला होता लिन शिआंगरू, झाओचा थोर मुत्सद्दी. तो तेव्हा गंभीर आजारी होता. त्याने राजाला सांगितले की, केवळ नावलौकिक पाहून झाओ क्वोला नेमणे म्हणजे तंतुवाद्याच्या खुंट्या डिंकाने पक्क्या चिकटवून ते वाजवायला बसण्यासारखे आहे. त्याला वडिलांचे ग्रंथ पाठ आहेत, पण प्रसंगानुसार सूर बदलणे त्याला येत नाही.

दुसरा विरोध खुद्द आईचा होता. तिने राजाला पत्र लिहिले. तिचा नवरा सेनापती असताना दहा-वीस जणांना स्वतः जेवू घालत असे, राजाकडून मिळालेले इनाम सैनिकांत आणि अधिकाऱ्यांत वाटून टाकत असे, आणि आज्ञा मिळाल्या दिवसापासून घरच्या व्यवहाराकडे पाहत नसे. मुलगा मात्र नेमणूक होताच उच्चासनावर बसून मुजरे घेऊ लागला. त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची अधिकाऱ्यांची छाती होत नाही. राजाने दिलेले सोने-रेशीम तो घरात साठवतो आणि विकत घेण्याजोग्या जमिनी-वाड्यांची रोज चौकशी करतो. राजाने निर्णय बदलण्यास नकार दिला, तेव्हा तिने एकच विनंती केली: मुलगा अपयशी ठरला तर त्याच्या शिक्षेत कुटुंबाला गोवू नये. राजाने ते वचन दिले आणि पुढे पाळलेही.

या पत्रात युद्धकलेचा एक शब्द नाही. तरीही नेतृत्वाची त्या काळातील ती सर्वांत अचूक परीक्षा म्हणावी लागेल. सैनिक सेनापतीवर विश्वास का ठेवतात, हे त्या बाईने आपल्या घरात बसून पाहिले होते.

छिनचे उत्तर: गुपित नेमणूक

झाओने सेनापती बदलला हे कळताच छिननेही बदलला. पण दोन्ही बदलांत जमीन-अस्मानाचा फरक होता. छिनने आपला सर्वांत कर्तबगार सेनापती बाय छी याला मुख्य केले, आधीच्या सेनापतीला त्याचा साहाय्यक म्हणून तेथेच ठेवले आणि ही बातमी फोडणाऱ्याला देहदंड, असा हुकूम काढला. त्यामुळे आधीची माहिती वाया गेली नाही, अधिकाऱ्यांची घडी विस्कटली नाही आणि शत्रूला कशाचाही पत्ता लागला नाही.

झाओ क्वोने येताच लिआन पोचे नियम बदलले आणि त्याचे अधिकारीही बदलले. राजाला हवे होते ते आक्रमण, आणि त्याने आक्रमण केले. बाय छीचे सैन्य हरल्याचे सोंग करीत मागे सरले. झाओचे सैन्य पाठलाग करीत छिनच्या मुख्य तटापर्यंत गेले. तो तट फुटला नाही. तेवढ्यात छिनची २५,००० सैनिकांची एक तुकडी झाओच्या पिछाडीला जाऊन बसली आणि ५,००० स्वारांची दुसरी तुकडी झाओच्या सैन्यात आणि त्याच्या तळात शिरली. सैन्याचे दोन तुकडे झाले आणि धान्याची वाट तुटली.

झाओ क्वोने जागीच तट उभारून मदतीची वाट पाहण्याचे ठरवले. म्हणजे जो बचाव नाकारण्यासाठी त्याला पाठवले होते, तोच आता त्याला करावा लागला; फक्त या वेळी पाठीशी अन्न नव्हते.

राजा स्वतः पुढे येतो

चांगपिंगचा निकाल पक्का करणारा निर्णय याच वेळी झाला आणि तो बाय छीचा नव्हता. झाओची रसद तुटल्याचे कळताच छिनचा राजा झाओशिआंग स्वतः हनेइ या पीत नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात आला. तेथील जनतेला त्याने एक-एक पदवी बहाल केली आणि १५ वर्षांवरील सर्व पुरुषांना चांगपिंगकडे धाडले. त्यांचे काम एकच होते: हानदानकडून येणारी कुमक आणि धान्य अडवणे.

या निर्णयात मोठी जोखीम होती. एवढा मुलूख पुरुषांवाचून सोडणे म्हणजे शेती आणि सीमा दोन्ही पणाला लावणे. पण सेनापतीने घडवलेली संधी थोडक्या काळाची आहे, हे राजाने ओळखले आणि राज्याची सारी ताकद त्या एका जागी लावली. सेनापतीने सापळा रचला, महामात्याने शत्रूला एकाकी पाडले आणि राजाने सापळ्याचे दार बंद केले. तिघांचे काम एकमेकांना पूरक होते.

झाओच्या राजाने याच वेळी छी राज्याकडे धान्य मागितले. छीच्या एका सल्लागाराने आपल्या राजाला बजावले की, झाओ हे आपल्यासाठी दातांपुढच्या ओठांसारखे आहे. ओठ गेले तर थंडी दातांना लागते. छीच्या राजाने ऐकले नाही. पुढे छिनने एकेक राज्य गिळले आणि इ.स.पू. २२१ मध्ये छीही संपले.

४६ दिवस

वेढ्यातील सैन्य ४६ दिवस अन्नावाचून राहिले. सैनिक एकमेकांना गुपचूप मारून खाऊ लागले, अशी नोंद आहे. झाओ क्वोने सैन्याच्या चार तुकड्या करून चार-पाच वेळा वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. शेवटी निवडक सैनिक घेऊन तो स्वतः लढायला उतरला आणि बाणांनी मारला गेला. त्याच्याविषयी काहीही म्हटले तरी तो पळून गेला नाही आणि ४६ दिवस उपाशी सैन्य त्याच्याभोवती टिकून राहिले, हेही त्याच ग्रंथात लिहिलेले आहे.

उरलेले सैन्य शरण आले. ग्रंथातील आकड्यानुसार ते चार लाख होते. आता निर्णय बाय छीचा होता. शांगदांगच्या लोकांनी छिनपेक्षा झाओ पसंत केला होता. हे सैनिकही उलटतील, असे मानून त्याने कपटाने त्या सर्वांना ठार केले. वयाने लहान असलेल्या २४० जणांना तेवढे बातमी सांगण्यासाठी परत सोडले. आधीच्या लढाया धरून मृतांचा आकडा साडेचार लाख दिला जातो. आधुनिक अभ्यासक या आकड्याविषयी शंका घेतात, कारण एवढ्या सैन्याला पोसणेच त्या काळात कठीण होते. मात्र कत्तल झाली याला जमिनीनेच पुरावा दिला आहे. १९९५ मध्ये गावपिंगजवळच्या योंगलू गावात उत्खनन झाले तेव्हा एका खड्ड्यात सुमारे १३० माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांतील अनेकांवर शस्त्रांच्या घावांच्या खुणा होत्या.

विजेत्याची चूक

कथा येथे संपवली, तर छिनचे नेतृत्व श्रेष्ठ आणि झाओचे कनिष्ठ, असा सोपा निष्कर्ष निघतो. पुढची तीन वर्षे तो निष्कर्ष टिकू देत नाहीत.

बाय छीला लगेच हानदानवर चालून जायचे होते. हान आणि झाओ यांनी सू दाई नावाच्या मुत्सद्द्याला भेटी देऊन फान सुईकडे पाठवले. सू दाईने महामात्याच्या मनाचा नेमका कोपरा पकडला. झाओ बुडाले तर बाय छी राज्यातील सर्वोच्च पदावर बसेल आणि तुम्हाला त्याच्या खाली राहावे लागेल, असे त्याने सुचवले. फान सुईने राजाला सांगितले की, सैन्य दमले आहे. काही नगरे घेऊन तह करावा. इ.स.पू. २५९ च्या आरंभी युद्ध थांबले. फान सुईने हानदानमध्ये जे शस्त्र वापरले होते, तेच आता त्याच्यावर वापरले गेले आणि तितकेच परिणामकारक ठरले.

झाओने ठरलेली नगरे दिली नाहीत, उलट सावरण्याची तयारी केली. त्याच वर्षी छिनच्या राजाने हानदानवर सैन्य पाठवले. बाय छीने या वेळी नकार दिला. चांगपिंगमध्ये छिनचेही निम्म्याहून अधिक सैन्य कामी आले आहे, संधीची वेळ निघून गेली आहे, इतर राज्ये आता मदतीला येतील, असे त्याचे मत होते. राजाने त्याचे ऐकले नाही. झाओच्या राजाने लिआन पोच्या बाबतीत जे केले, तेच आता छिनचा अनुभवी राजा आपल्या सेनापतीच्या बाबतीत करीत होता.

हानदानची परिस्थिती भयंकर होती. पण शरण गेलेल्यांचे चांगपिंगमध्ये काय झाले, हे शहरातील प्रत्येकाला ठाऊक होते. शरणागतीचे दार बाय छीने स्वतःच बंद केलेले होते. या वेढ्यात ली तोंग नावाचा एका धर्मशाळेच्या रखवालदाराचा मुलगा पिंगयुआनचा सामंत झाओ शेंग याच्यासमोर उभा राहिला. लोक हाडे जाळून चूल पेटवत आहेत आणि तुमच्या वाड्यातील दासी रेशीम नेसतात, हे त्याने तोंडावर सुनावले. वाड्यातील सर्वांना, स्त्रियांसह, सैनिकांच्या कामाला लावा आणि घरातले सारे वाटून टाका, असे त्याने सुचवले. सतरा नगरांच्या लाभाने भुललेला हाच तो झाओ शेंग. या वेळी त्याने ऐकले. तीन हजार जण जिवावर उदार होऊन त्याच्यामागे उभे राहिले आणि त्यांनी छिनच्या सैन्याला मागे रेटले. त्या लढाईत ली तोंग मारला गेला.

इ.स.पू. २५७ मध्ये वेई आणि चू यांच्या फौजा मदतीला आल्या आणि वेढा उठला. फान सुईने ज्याची शिफारस केली होती, तो एक सेनापती २०,००० सैनिकांसह झाओला शरण गेला. बाय छीने राजाला आपल्या सल्ल्याची आठवण करून दिली. त्याचा परिणाम असा झाला की, त्याला साध्या सैनिकाच्या पायरीवर आणून राजधानी शिआनयांगबाहेर घालवण्यात आले. वाटेत राजाची तलवार त्याच्यापर्यंत पोहोचली आणि तिने त्याने आपले जीवन संपवले. मरण्यापूर्वी त्याला चांगपिंगच्या कैद्यांची आठवण झाली आणि हे मरण आपल्याला योग्यच आहे, असे तो म्हणाला, असे सिमा छिआन सांगतो.

खापर कोणाच्या डोक्यावर?

मग चांगपिंगचा पराभव कोणाचा? झाओ क्वोने लढाई हरली, हे खरे. पण सतरा नगरे किंमत न मोजता घेणे, मित्र मिळवण्याआधी शत्रूकडे दूत पाठवणे, संयम राखणाऱ्या सेनापतीला भित्रा ठरवणे आणि शत्रूने सुचवलेला सेनापती नेमणे, हे चारही निर्णय राजाचे होते. त्यांपैकी तीन वेळा त्याला आधी बजावणारा माणूस समोर होता. चौथ्या वेळी, म्हणजे लिआन पोच्या बाबतीत, उत्तर डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या तटात होते. दुसरीकडे छिन जिंकले ते राजा, महामात्य आणि सेनापती एका दिशेने चालत होते तोवर. त्यांच्यात मत्सर आणि अहंकार शिरताच तेच राज्य, तेच सैन्य हानदानच्या तटापाशी हरले.

राजा शिआओचेंगला पुढे आणखी एक संधी मिळाली. इ.स.पू. २५१ मध्ये शेजारच्या येन राज्याने हिशेब मांडला की, झाओचे कर्ते पुरुष चांगपिंगमध्ये मेले, त्यांची पोरे अजून वाढलेली नाहीत. हीच हल्ल्याची वेळ आहे. येनचे मोठे सैन्य चालून आले. राजाने या वेळी सेनापती म्हणून लिआन पोला पाठवले. लिआन पोने येनचा धुव्वा उडवला आणि झाओ वाचले.

परंतु इ.स.पू. २४५ मध्ये शिआओचेंग वारला आणि नव्या राजाने लिआन पोला पुन्हा पदावरून दूर केले. तो देश सोडून गेला. काही वर्षांनी छिनचे सैन्य पुन्हा झाओवर आले तेव्हा ली मू नावाचा असाच एक खंबीर सेनापती त्याला रोखून होता. छिनने हानदानच्या दरबारातील एका मर्जीतल्या माणसाला सोने चारले. ली मू फितूर आहे, असे राजाच्या कानावर घालण्यात आले. राजाने सेनापती बदलला, ली मूला ठार केले आणि इ.स.पू. २२८ मध्ये हानदान पडले. त्या वेळी झाओच्या सैन्यात कोणी झाओ क्वो नव्हता.